मूत्राशयाचा कर्करोग आणि त्यानंतरची मूत्रपरीक्षा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आत्ताच आपल्या गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. अशा आनंदाच्या प्रसंगी कर्करोग आणि लघवी हे दोन शब्द एकाच वाक्यात उच्चारणे कित्येकांना अप्रशस्त वाटण्याचा संभव आहे. परंतु कार्यकारी मंडळाने विषय निवडण्याची मोकळीक मला दिली आणि हा विषय मी बुद्ध्याच निवडला. ज्या गोष्टी चारचौघांत बोलावयाच्या नाहीत असे आपण ठरविले आहे, त्याच गोष्टी पुष्कळदा घराघरांतून माणसे नेतात. मी वैद्य नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. उभे आयुष्य प्राथमिक शाळेत मुलांना गणित आणि भाषा शिकविण्यात गेले. परंतु गेली चार वर्षे मी स्वतः या रोगाच्या तपासणीच्या फेऱ्यांत आहे. तेवढ्या अधिकारावर आणि माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी वेळोवेळी समजावून सांगितलेल्या गोष्टींच्या आधारावर चार शब्द बोलतो.

माझ्या आजाराची वार्ता पसरल्यापासून आपल्या ज्ञातीतील निरनिराळ्या कुटुंबांतून मला एकच प्रश्न वारंवार विचारला जातो : "गुरुजी, हल्ली म्हणे लघवीच्या तपासणीत सारे काही कळते. मग ती दुर्बीण पुन्हापुन्हा आत घालून घेण्याचा त्रास कशाला?" प्रश्न अत्यंत स्वाभाविक आहे. दुर्बिणीची तपासणी कोणालाच हवीशी वाटत नाही. मलाही वाटत नाही. या प्रश्नाचे सरळ उत्तर देता यावे एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम रोगाविषयी थोडेसे. मूत्रपिंडांत तयार झालेले मूत्र ज्या पिशवीत साठते, ते मूत्राशय. त्याच्या आतील बाजूस एक पातळ अस्तर असते व त्या अस्तराबाहेर स्नायूंचा थर असतो. या रोगाचा आरंभ बहुधा अस्तरात होतो. रोग प्रथम ओळखला जातो त्या वेळी सुमारे ७५ टक्के रुग्णांत तो अस्तरापुरताच असतो, स्नायूपर्यंत गेलेला नसतो. अशा वेळी पोट न फाडता मूत्रमार्गातूनच उपकरण घालून ती गाठ खरवडून काढता येते आणि रुग्ण थोड्याच दिवसांत घरी येतो. येथपर्यंतची हकीकत समाधानाची आहे.

मात्र हा रोग परत येणारा आहे. शेतातील तण उपटले तरी जमीन तीच राहते, तद्वत गाठ गेली तरी अस्तर तेच राहते. ज्या विषारी द्रव्यांचा परिणाम होऊन एका जागी गाठ झाली, ती द्रव्ये मूत्रावाटे साऱ्या अस्तरावरून वर्षानुवर्षे वाहत आलेली असतात. म्हणून दुसऱ्या जागी नवी गाठ उगवू शकते. युरोपातील वैद्यांनी हजारो रुग्णांच्या नोंदींवरून जी कोष्टके तयार केली, त्यांप्रमाणे अस्तरापुरता रोग असलेल्यांत पाच वर्षांच्या आत तो पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण, गाठीच्या प्रकारानुसार, ३१ टक्क्यांपासून ७८ टक्क्यांपर्यंत आढळले. उपचार सुधारत चालले आहेत, तरी परत येण्याचा धोका टळलेला नाही. परत आलेला रोग अस्तरात असतानाच सापडला, तर पुन्हा खरवडून काढता येतो. तो स्नायूत उतरला, तर पुष्कळदा संपूर्ण मूत्राशय काढण्याची पाळी येते आणि प्राणावरही बेतते. सबब या रोगात शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व शस्त्रक्रियेनंतरच्या पहाऱ्याला आहे.

आता हा विषय आपल्या भावसार ज्ञातीपुढे मांडण्याचे विशेष कारण सांगतो. आपला परंपरागत व्यवसाय कापड रंगविण्याचा व छापण्याचा. आपल्या पूर्वजांचे रंग नीळ, मंजिष्ठ, हळद, हरडा अशा वनस्पतींपासून होत असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डांबरापासून केलेले कृत्रिम रंग युरोपात निघाले व पुढे आपल्या रंगाईतही शिरले. १८९५ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील शल्यवैद्य लुडविग रेन यांनी असे दाखवून दिले की, रंग तयार करणाऱ्या कारखान्यातील कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होतात. पुढे बेंझिडीन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन ही द्रव्ये यास कारण असल्याचे सिद्ध झाले आणि १९९० च्या दशकात आपल्या देशातही बेंझिडीनपासून होणाऱ्या कित्येक रंगांवर बंदी आली. ज्यांनी तरुणपणी रंगाच्या पिंपांपाशी उघड्या हातांनी काम केले आहे, त्यांनी डॉक्टरांना ही गोष्ट आपण होऊन सांगावी; कारण संपर्कापासून रोग दिसेपर्यंत वीस-वीस, तीस-तीस वर्षे लोटू शकतात. याचा अर्थ रंगाऱ्याच्या घरी जन्मलेल्या प्रत्येकाने भयभीत व्हावे असा नाही. आज या रोगाचे सर्वांत मोठे कारण धूम्रपान हेच आहे. विडी-सिगारेटच्या धुरात याच जातकुळीची द्रव्ये असतात, ती रक्तात जातात आणि मूत्रावाटे बाहेर पडताना मूत्राशयात तासनतास साठून राहतात.

असो. आता पहारा कसा ठेवतात ते पाहू. मूत्राशयाच्या आत डोकावून पाहण्याची दुर्बीण १८७७ साली ड्रेस्डेन येथे माक्स नित्से या जर्मन वैद्याने प्रथम दाखविली. आज तीच कल्पना पुष्कळ सुधारली आहे. लवचीक नळी असते, बधिर करणारे औषध मूत्रमार्गात घालतात आणि काही मिनिटांत तपासणी आटोपते. गाठ काढल्यानंतर तीन महिन्यांनी पहिली दुर्बीण-तपासणी सर्वांचीच होते. त्यानंतर ज्यांचा धोका कमी, त्यांची एका वर्षाच्या सुमारास व पुढे पाच वर्षांपर्यंत दरवर्षी. ज्यांचा धोका मोठा, त्यांची पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, पाच वर्षे पुरी होईपर्यंत दर सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी, असा सर्वसाधारण क्रम आहे. आपला क्रम कोणता हे आपले डॉक्टर ठरवितात.

मूत्रावरून रोग ओळखण्याची इच्छा जुनीच आहे. आपल्या आयुर्वेदातही 'योगरत्नाकर' या ग्रंथात अष्टविध परीक्षेमध्ये मूत्रपरीक्षेचा समावेश आहे. आधुनिक काळात या बाबतीतील मोठे पाऊल १९४५ साली पडले. डॉ. जॉर्ज पापानिकोलाउ आणि डॉ. व्हिक्टर मार्शल यांनी अमेरिकेत असे दाखविले की, लघवीच्या तळाशी बसलेल्या गाळाचा लेप काचपट्टीवर घेऊन तो रंगविला, तर त्यात अस्तरातून सुटून आलेल्या कर्करोगाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात. यालाच पेशीपरीक्षा किंवा सायटॉलॉजी म्हणतात. आपण नेहमी करतो ती लघवीची साधी तपासणी वेगळी. तीत रक्त, पू, साखर यांचा पत्ता लागतो, कर्करोगाच्या पेशींचा नव्हे. साध्या तपासणीचा कागद दाखवून "माझा कर्करोगाचा रिपोर्ट स्वच्छ आहे" असे सांगणारे गृहस्थ मला भेटले आहेत, म्हणून हा भेद मुद्दाम सांगितला.

पेशीपरीक्षेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही समजून घेतली पाहिजेत. उग्र प्रकारच्या कर्करोगाच्या पेशी विद्रूप असतात आणि अस्तरावरून सहज सुटतात. त्या ओळखण्यात ही परीक्षा चांगली आहे. उग्र प्रकार असेल, तर शंभरांपैकी सुमारे ८४ जणांत ती तो दाखविते असे आढळले आहे. परंतु सौम्य प्रकारच्या गाठीच्या पेशी निरोगी पेशींसारख्याच दिसतात. तेथे हाच आकडा शंभरांत सुमारे १६ पर्यंत खाली येतो. म्हणजे सौम्य गाठ मूत्राशयात हजर असताना बहुसंख्य रुग्णांच्या हाती "कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत" असाच कागद येईल. तो कागद खोटा नसतो. पेशी दिसल्या नाहीत एवढेच तो सांगतो; गाठ नाही असे तो म्हणत नाही. शाळेत गैरहजर मुलाच्या नावापुढे आपण 'गैरहजर' लिहितो, त्यावरून मुलगा गावात नाही असे ठरत नाही, तसेच हे आहे.

ही उणीव भरून काढण्यासाठी गेल्या तीस वर्षांत अनेक नव्या मूत्रपरीक्षा निघाल्या. १९९६ साली अमेरिकेत एन.एम.पी. २२ या प्रथिनाच्या परीक्षेला मान्यता मिळाली. २००१ साली 'फिश' पद्धतीच्या परीक्षेला रोगाच्या पुनरुद्भवावर लक्ष ठेवण्यासाठी मान्यता मिळाली. हिच्यात लघवीतील पेशींची ३, ७, १७ आणि ९ या क्रमांकांची गुणसूत्रे चकाकणाऱ्या रंगांनी चिन्हित करून त्यांतील बिघाड शोधतात. त्यानंतर पेशींमधील आनुवंशिक द्रव्याचे संदेश किंवा त्यावरील रासायनिक खुणा ओळखणाऱ्या परीक्षा आल्या. सौम्य प्रकार ओळखण्यात यांपैकी पुष्कळशा पेशीपरीक्षेपेक्षा सरस आहेत. मात्र त्यांत निष्कारण धोक्याची घंटा वाजण्याचे प्रमाणही अधिक असते. मूतखडा, जंतुसंसर्ग, नुकतीच घातलेली नळी किंवा मूत्राशयात दिलेले बी.सी.जी. औषध यांमुळेही निकाल फसवा येऊ शकतो.

येथे मी जुन्या सवयीप्रमाणे एक उदाहरण फळ्यावर मांडतो. आकडे गृहीत धरलेले आहेत, हे लक्षात ठेवावे. तपासणीला आलेल्या १०० रुग्णांपैकी २० जणांत रोग परतला आहे असे समजा. परीक्षा अशी की, ज्यांना रोग आहे त्यांच्यातील ८० टक्के ती ओळखते आणि ज्यांना नाही त्यांच्यातील ८० टक्क्यांना नाही असेच सांगते. तर २० पैकी १६ सापडतील, ४ निसटतील. उरलेल्या ८० पैकी ६४ जणांना खरा दिलासा मिळेल, पण १६ जणांना विनाकारण धास्ती बसेल. एकूण ३२ जणांना 'रोग आहे' असा निकाल मिळेल आणि त्यांतील निम्मे निरोगी असतील. स्वच्छ निकालाचे ६८ कागद निघतील आणि त्यांतील ४ कागदांमागे गाठ दडलेली असेल. ते चार जण कोण, हे त्या कागदावरून कोणालाच सांगता येणार नाही. ते शोधण्यासाठी दुर्बीण लागते.

२००० साली नेदरलँड्समधील वैद्यांनी रुग्णांनाच विचारले की, मूत्रपरीक्षा किती अचूक असेल तर तुम्ही दुर्बीण सोडाल? दुर्बिणीचा त्रास सोसलेल्या त्या रुग्णांची अपेक्षा साधारणतः ९० टक्के किंवा त्याहून अधिक रोग ओळखला जावा अशी होती. म्हणजे त्रास टळावा ही इच्छा सर्वांची असली, तरी गाठ निसटण्याची जोखीम घेण्यास माणूस सहजी तयार होत नाही. अलीकडे डेन्मार्कमध्ये काही दुर्बीण-तपासण्यांच्या जागी नव्या पद्धतीची मूत्रपरीक्षा घालून पाहण्याचा पद्धतशीर प्रयोग झाला आहे. अशा प्रयोगांतून उद्या आपल्या फेऱ्या कमी होतील, अशी आशा बाळगण्यास जागा आहे. परंतु ते प्रयोग वैद्यांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या नियमांनी चालतात. घरच्या घरी स्वतःवर प्रयोग करणे म्हणजे ते नव्हे.

तर मग मूत्रपरीक्षा निरुपयोगी समजावयाची काय? मुळीच नाही. काही ठिकाणी ती दुर्बिणीच्याही पुढे जाते. उग्र रोगाचा एक प्रकार गाठीसारखा वर न येता अस्तरात सपाट पसरतो आणि दुर्बिणीतून नुसता लालसर डाग दिसतो, कधी तोही दिसत नाही. शिवाय मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळ्यांत रोग असेल, तर मूत्राशय पाहणाऱ्या दुर्बिणीला तो दिसत नाही. अशा वेळी लघवीत सापडलेल्या पेशी डॉक्टरांना सावध करतात. मूत्रपरीक्षेत दोष आहे हे आधी कळले असता दुर्बिणीने पाहणारा वैद्य अधिक बारकाईने पाहतो आणि अधिक गाठी त्याला सापडतात, असेही नेदरलँड्समधील संशोधनात दिसून आले आहे. म्हणून विशेषतः उग्र प्रकारात या दोन्ही तपासण्या एकमेकींच्या जोडीने करतात. आपल्या मघाच्या प्रश्नाचे उत्तर हेच : मूत्रपरीक्षा दुर्बिणीला साहाय्य करते, तिची जागा घेत नाही, आणि कोणती तपासणी केव्हा वगळावयाची हे डॉक्टरांनी ठरवावयाचे आहे, आपण नव्हे.

आपल्या परिचयातील एका गृहस्थांचे उदाहरण सांगतो. नाव सांगत नाही. शस्त्रक्रियेनंतर दोन दुर्बीण-तपासण्या स्वच्छ आल्या. पुढे मुंबईच्या फेऱ्यांचा खर्च, मुलाची रजा आणि मनातील संकोच यांमुळे त्यांनी गावातच दर चार-सहा महिन्यांनी लघवी तपासून घेण्यास सुरुवात केली. तीन वेळा निकाल स्वच्छ आला व घरात पेढे वाटले गेले. दीड वर्षाने लघवीतून रक्त पडले तेव्हा रोग स्नायूत उतरलेला होता. मूत्राशय काढावे लागले. ते आज हयात आहेत आणि ही हकीकत सांगण्यास त्यांनीच मला अनुज्ञा दिली. "माझे नाव नको, पण गोष्ट सांगा," हे त्यांचे शब्द.

आता काही व्यावहारिक सूचना करतो. पेशीपरीक्षेसाठी पहाटेची पहिली लघवी देऊ नये. रात्रभर मूत्राशयात राहून पेशी विरघळू लागतात, म्हणून त्यानंतरची ताजी लघवी द्यावी आणि ती उन्हात न ठेवता प्रयोगशाळेत लवकर पोचवावी. संसर्ग, मूतखडा किंवा बी.सी.जी. चालू असल्यास तसे लेखी कळवावे. अहवालात 'अनिश्चित' किंवा 'संशयास्पद' असा शब्द आला, तर घाबरू नये आणि कागद कपाटातही ठेवू नये. तो डॉक्टरांना दाखवावा. जुने सर्व अहवाल तारीखवार एका वहीत लावावेत. पहिल्या पानावर गाठीचा प्रकार आणि पुढील तपासणीची तारीख ठळक लिहावी.

दोन तपासण्यांच्या मधल्या काळात लघवीतून रक्त दिसले, मग ते एकदाच दिसो आणि दुखो वा न दुखो, तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. वेदना नसलेले रक्त हेच या रोगाचे नेहमीचे लक्षण आहे. आपल्या भगिनींना माझे विशेष सांगणे आहे. हा रोग पुरुषांत अधिक असला, तरी स्त्रियांना होतो. "उन्हाळी लागली असेल" म्हणून धने-जिऱ्याचे पाणी पिण्यात, नाहीतर रक्त पाळीचे किंवा अंगावरचे असेल असे समजण्यात महिने निघून जातात. सुनेने सासूला आणि मुलाने आईला ही गोष्ट निःसंकोच विचारली पाहिजे. आणि ज्यांनी विडी-सिगारेट अजून सोडली नसेल, त्यांनी ती आज सोडावी. रोग होऊन गेल्यावरही सोडल्याने लाभच होतो.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपण विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती-निधी उभारला, वधूवर-सूचक मंडळ चालविले. त्याच रीतीने सोलापुरासारख्या ठिकाणाहून मुंबई-पुण्यास तपासणीसाठी जाणाऱ्या रुग्णांकरिता प्रवासखर्चाचा एक लहानसा निधी ठेवावा आणि एकट्या माणसासोबत जाण्यास दोन-चार स्वयंसेवक नेमावेत. त्या गृहस्थांच्या दीड वर्षात कोणी "काका, तुमची तारीख आली, चला," असे म्हणणारा भेटला असता, तर कदाचित निराळे घडले असते. स्वयंसेवकांच्या यादीत पहिले नाव माझे घालावे. सेवानिवृत्त माणसापाशी पैसा बेताचा असला, तरी वेळ पुष्कळ असतो.